दिग्दर्शक टोबी हूपरचा भयपट ‘द फनहाउस’ (1981) आज पुन्हा पाहावा का?

हो, नक्की पाहा. फक्त पहिल्या दहा मिनिटांत खून पडतील अशी अपेक्षा ठेवू नका. चार तरुण मुलं फिरत्या कार्निव्हलमधल्या भूतघरात रात्रभर लपून राहतात आणि तिथे घडलेला एक खून त्यांच्या नजरेस पडतो, एवढीच गोष्ट. पहिला निम्मा सिनेमा नुसता कार्निव्हल दाखवतो: रंगीत दिवे, पाळणे, भविष्य सांगणारी बाई, तंबूंतले खेळ. मला तोच भाग सर्वांत जास्त आवडतो, कारण ती जागा आधी आपल्या ओळखीची होते आणि मग अंगावर येते.

केव्हिन कॉनवेने तंबूंबाहेर ओरडून गिऱ्हाईक बोलावणाऱ्या तिघांच्या भूमिका एकट्याने केल्यात. आधी माहीत नसेल तर पटकन लक्षातही येत नाही! सिनेमातल्या मुखवटा घातलेल्या राक्षसाच्या खऱ्या चेहऱ्याचं डिझाइन मेकअप कलाकार रिक बेकरचं.

पण मला सर्वांत जास्त हलवतो तो पंख्याचा प्रसंग. पंख्यापलीकडे आईवडील समोर दिसतायत, त्या चौघांतली एक मुलगी जिवाच्या आकांताने त्यांना हाका मारतेय आणि पंख्याच्या घरघरीत त्यांना काहीच ऐकू जात नाही. रक्ताचा थेंबही नाही, तरी पोटात गोळा येतो.