एका हातावर बाळ, दुसऱ्या हाताने उघडेल असा कपडा

या वेळच्या पत्रांमधली अर्ध्याहून जास्त अंगावर पाजणाऱ्या आयांची आहेत आणि सगळ्यांचा विषय एकच, घालायचं काय. त्यामुळे बाकीचे प्रश्न पुढच्या अंकात घेते, आज फक्त हेच.

ताई, माझं बाळ दीड महिन्याचं आहे आणि तेव्हापासून मी दोन गाऊन आलटून पालटून घालतेय. आधी मला कपड्यांची एवढी आवड होती की मैत्रिणी मला विचारून खरेदी करायच्या. परवा कपाट उघडलं आणि रडायलाच आलं, निम्मं बसत नाही आणि जे बसतं त्यातून पाजता येत नाही. खास फीडिंगचे कपडे घ्यावेच लागतात का? मला तर ते सगळे गाऊनसारखेच दिसतात.
– दीड महिन्याच्या बाळाची आई

अगं, कपाटासमोर रडू येणं यात लाज वाटण्यासारखं काहीच नाही. बाळ झालं की सगळे बाळाकडे बघतात, आणि तुला आरशात कुणीतरी ओळखीचं दिसावंसं वाटतंय, ही गरज खरी आहे. "आता काय, दूध सुटलं की बघू कपड्यांचं" हा सल्ला तुला मिळाला असेलच, मला तो अजिबात पटत नाही. जागतिक आरोग्य संघटना पहिले ६ महिने फक्त आईचं दूध आणि नंतर वरच्या खाण्यासोबत २ वर्षं किंवा त्याहून जास्त पाजायला सांगते, मग काय २ वर्षं गाऊनमध्ये काढायची का?

खास कपडे घ्यावेच लागतात असं नाही. तान्हं बाळ २४ तासांत ८ ते १२ वेळा पितं, म्हणजे अंगातला कपडा तेवढ्या वेळा उघडायचा आणि बंद करायचा, आणि तेही एका हाताने, कारण दुसऱ्या हातावर बाळ असतं आणि ते भुकेने किंचाळत असतं. म्हणून जुना असो नवा असो, मी प्रत्येक कपडा एकाच परीक्षेला बसवते. खुर्चीत बस, एका हातावर बाळासारखी उशी घे आणि दुसऱ्या हाताने छाती मोकळी कर. मग उशी दुसऱ्या हातावर घेऊन परत. मनात दहा आकडे मोजेपर्यंत दोन्ही बाजूंनी जमलं तर तो कपडा आत्ता तुझा, नाही जमलं तर कितीही सुंदर असू दे, काही दिवस वरच्या कप्प्यात.

ही परीक्षा मी चुकून शिकले. माझ्या पहिल्या बाळाच्या वेळी खास फीडिंगचा म्हणून एक ड्रेस घेतला होता, दोन्ही बाजूंच्या शिवणीत लपवलेल्या चेन, दुकानात उभ्या उभ्या दोन्ही हातांनी उघडून बघितल्या आणि खूश होऊन घेतला. घरी आल्यावर कळलं की चेन वर ओढायची तर खालून कापड ताणून धरावं लागतं, आणि त्याला दुसरा हात पाहिजे. बाळ रडून लाल झालं आणि मीपण रडले. म्हणजे 'खास' असं लिहिलेल्या कपड्यावरसुद्धा डोळे झाकून विश्वास ठेवू नकोस.

आता तुझ्या कपाटातलं काय काय चालेल ते सांगते. सगळ्यात उपयोगी पडते ती दोन थरांची युक्ती. आत पातळ पट्ट्यांचा, छान ताणला जाणारा टँक टॉप आणि त्यावर तुझा नेहमीचाच थोडा सैल टॉप किंवा टीशर्ट. पाजताना वरचा वर घ्यायचा आणि आतला खाली ओढायचा, बस. पोट आणि पाठ झाकलेली राहते, वरचा भाग टॉपने झाकला जातो आणि मधे बाळाचं डोकं येतं, समोरच्याला काही दिसतच नाही. बाळंतपणानंतर पोटाची लाज वाटते म्हणून कितीतरी जणी बाहेर पाजायचं टाळतात, त्यांना मी आधी हेच करून बघायला सांगते.

दुसरा नंबर पुढून पूर्ण बटणं असलेल्या शर्टाचा. पण बटणं वरून उघडत बसू नकोस, मधली दोन-तीनच उघड, गळा बंद राहतो आणि बाळाला जागा मिळते. काजं घट्ट असतील तर टेलरकडून तिथे टिचबटणं लावून घे, आणि वरून जुनी बटणं तशीच शिवून टाकायला सांग म्हणजे कळणारही नाही. एकावर एक पट्टा येणारे रॅप टॉप आणि रॅप ड्रेस पण मस्त, फक्त गळा सारखा सुटत असेल तर तिथेही एक टिचबटण. पुढे लांब पट्टी असलेला कुर्ता चालतो, पण पट्टी छातीच्या खालपर्यंत गेलेली पाहिजे, नुसती गळ्याखाली चार बटणं असून उपयोग नाही. प्रिन्सेस कटचा कुर्ता असेल तर त्याची उभी शिवण छातीवरूनच जाते, चांगला टेलर तिथेच उसवून आतून एक झडप लावून देतो. मागे चेन असलेले, बंद आणि घट्ट गळ्याचे, अजिबात न ताणले जाणारे वनपीस मात्र आत्ता बाजूला काढ आणि अगदी नजरेआड ठेव, रोज कपाट उघडलं की तेच समोर दिसतात आणि मन खट्टू होतं.

आणि हे मनापासून सांगते, आजच्या मापाच्या दोन पँट घे. "महिन्याभरात उतरेल की" म्हणून जुन्या जीन्समध्ये स्वतःला कोंबू नकोस. सिझर झालं असेल तर टाके खाली असतात, आणि कमी उंचीच्या पँटचा पट्टा नेमका तिथेच घासतो, त्यामुळे बेंबीच्या वर येणारा रुंद मऊ इलॅस्टिकचा पट्टा बघ. बाकी स्टाईलचं म्हणशील तर ती आता चेहऱ्याजवळ आण, आवडत्या रंगाचा टॉप, छोटे खड्यांचे टॉप्स कानात, केस नीट बांधलेले. तुझी आवड कुठे गेलेली नाहीये गं, फक्त कपडे उघडायची जागा बदललीये.

ताई, मला आठवा महिना चालू आहे. फीडिंग ब्रा आत्ताच घेऊन ठेवू की बाळ झाल्यावर? मापाचं काहीच कळत नाही.
– लवकरच आई होणारी

थोड्या आत्ता, थोड्या नंतर. साधारण ३६व्या आठवड्याच्या आसपास दोन-तीनच घे, डझनभर नको. कारण बाळ झाल्यावर दुसऱ्या ते पाचव्या दिवसात दूध उतरतं तेव्हा छाती एकदम दाटते, आणि मग साधारण सहा आठवड्यांत बाळाच्या पिण्याप्रमाणे दूध बसत जातं आणि मापही जरा स्थिर होतं. बाकीच्या तेव्हा घे.

माप घेताना एक लक्षात ठेव. आत्ता पोटामुळे बरगड्याही फाकलेल्या असतात, त्या नंतर आत येतात, म्हणून आत्ता जी ब्रा सगळ्यात सैल हुकावर नीट बसते ती घे म्हणजे पुढे घट्ट करायला हुक उरतात. कपमध्ये मात्र थोडी जागा पाहिजे. सुरुवातीला वायरची नकोच, वायर किंवा घट्ट कडा एकाच जागी दाबत राहिली की तिथे दूध अडकून गाठ होऊ शकते. पट्ट्या रुंद, कापड कॉटन किंवा मोडाल, आणि कप उघडायची क्लिप एका हाताने उघडते आणि लागते का ते बघ, उघडणं सोपं असतं, लावणं जास्त अवघड. रात्री क्लिपबिप काही नको, मऊ, ओढून बाजूला होणारी स्लीप ब्रा बरी.

आणि आत्ताच सांगून ठेवते, नंतर कधी छातीचा एखादा भाग लाल, गरम आणि दुखरा झाला आणि ताप आला तर कपडे सैल कर, पाजणं चालू ठेव आणि डॉक्टरांकडे जा. जोरजोरात चोळून गाठ फोडायला जाऊ नकोस, त्याने सूज वाढते.

ताई, पुढच्या आठवड्यात ऑफिस परत सुरू. मी तिथे पंपाने दूध काढणार आहे. मला भीती एकाच गोष्टीची वाटते, मीटिंगमध्ये शर्टवर डाग आला तर? रोज काय घालू?
– ऑफिसला निघालेली आई

ही भीती अगदी खरी आहे. पान्हा फुटतो तो ऑक्सिटोसिनमुळे आणि त्याला बाळ समोर असावं लागत नाही, बाळाची आठवण, फोनमधला फोटो, दुसऱ्याच कुणाच्या बाळाचं रडणं, एवढं पुरतं. छातीत मुंग्या आल्यासारखं वाटतं ना, तेव्हा लगेच हाताची घडी घाल आणि हाताने छातीवर सरळ आत दाब दे, थोडा वेळ तसंच धर, बऱ्याचदा गळणं थांबतं. आणि मीटिंगमध्ये हाताची घडी घातलेली कुणाला वेगळी वाटतही नाही.

पॅड लावच, आणि ओलं झालं की बदल. ओलं पॅड तासन्तास राहिलं की तिथली त्वचा खराब होते, निपल दुखायला लागतात, बुरशीचा त्रासही होऊ शकतो. कॉटनची धुता येणारी आणि वापरून टाकायची, दोन्ही ठेव.

रंगाचं म्हणशील तर बारीक दाट प्रिंट तुझी सगळ्यात चांगली मैत्रीण, फुलं, ठिपके, काहीही. गडद निळा आणि काळाही चालतो. फिका राखाडी आणि फिका निळा प्लेन शर्ट मात्र नको, पाण्याचा एक थेंब पडला तरी तो गडद दिसतो. सिल्क आणि सॅटिनवर तर वाळल्यावरही कड राहते. वर ब्लेझर, श्रग किंवा स्टोल असला की निम्मी काळजी मिटते. वनपीस ड्रेस पंप करायच्या दिवशी टाळ, पुढून उघडत नसेल तर अख्खा काढून बसावं लागतं आणि ते फार केविलवाणं वाटतं, मी केलंय. शर्ट आणि पँट, किंवा दोन थर आणि स्कर्ट, हेच बरं. ड्रॉवरमध्ये एक जादा टॉप घडी करून ठेव, आणि तो कुठलाही नको, रोजच्या तुझ्या सगळ्या पँटवर जाईल असा.

डाग पडलाच तर आधी थंड पाणी. दुधातल्या प्रथिनांचा डाग गरम पाण्याने कापडात बसतो. थंड पाण्याने खळबळून मग साबण, आणि पिवळट काही राहिलं तर पांढरा कपडा ओला असतानाच उन्हात वाळत घाल.

बहिणीचं लग्न आहे, बाळ तेव्हा पाच महिन्यांचं असेल. मला नटायचंय ताई, अगदी मनापासून. साडी जमेल का?
– करवली

जमेल की! साडीसारखा सोयीचा कपडा कमी, पदर आहेच झाकायला. फक्त ब्लाऊज पुढच्या हुकांचा शिव, आत ब्रा क्लिपची, आणि मापं समारंभाच्या आठ-दहा दिवस आधी दे, दोन महिने आधी नको. बाजूच्या शिवणीत जरा जास्त कापड ठेवायला सांग. खालची दोन-तीन हुकं उघडून पाजता येतं. पदर खांद्यावर घट्ट पिन करू नकोस, मोकळा ठेव.

पाच महिन्यांचं बाळ हाताला येईल ते ओढतं आणि तोंडात घालतं, त्यामुळे ब्लाऊजच्या पुढच्या भागावर टिकल्या, खडे, आरसे नकोत, गालाला टोचतात आणि सुटून तोंडात गेले तर घशात अडकू शकतात. भरजरी काम बाह्यांवर आणि पाठीवर करून घे, फोटोत तेवढंच छान दिसतं. लोंबते कानातले नकोत, ओढले की कान फाटायची भीती. सेंट छातीजवळ मारू नकोस, बाळ आईला वासावरून ओळखतं. बाळंतपणानंतर तीन-चार महिन्यांनी केस खूप गळतात म्हणून अंबाडाच घाल, आणि रात्री बाळाची बोटं नीट बघ, हातांची आणि पायांचीही, गळलेला केस बोटाला गुंडाळून आवळतो आणि कुणाच्या लक्षातही येत नाही.

बाहेर पाजताना कव्हर वापरते पण बाळ ते सारखं ओढून काढतं आणि सगळे बघतात. काय करू?
– वैतागलेली

कव्हर सोड. बाळाला आत गरम होतं, कोंदट वाटतं आणि तुझा चेहरा दिसत नाही, ते ओढणारच. त्याच्या धडपडीमुळेच लोक बघतात. वर सांगितलेले दोन थर घाल आणि घरी आरशासमोर बसून पाज एकदा, नेमकं किती दिसतं ते स्वतः बघ. बहुतेक जणींना तिथेच धीर येतो. तरी हवीच असेल तर ओढणी खांद्यावरून फक्त तुझ्या छातीच्या वरच्या भागावर घे, बाळाच्या तोंडावर नको.

नमस्कार ताई. बाळ झाल्यानंतरचा बायकोचा पहिला वाढदिवस येतोय, तिला कपडे भेट द्यायचेत. ती हल्ली स्वतःसाठी काहीच घेत नाही. काय घेऊ?
– एक बाबा

तुम्ही विचारलंत याचाच मला आनंद झाला. गाऊन घेऊ नका आणि "बारीक झालीस की होईल" असा तर काहीच घेऊ नका. ती आत्ता जे घालते त्यातला नीट बसणारा टॉप शोधा आणि त्याच्या लेबलवरचं माप घ्या, लग्नाच्या वेळचं नको. पुढून बटणांचा, मऊ कापडाचा, प्रिंटचा शर्ट किंवा रॅप ड्रेस, तिच्या आवडत्या रंगात, मशीनमध्ये धुता येईल असा, कारण इस्त्री आणि ड्रायक्लीन आत्ता कोण करणार. दुकानात तुम्ही स्वतः एका हाताने बटणं काढून बघा. पावती जपून ठेवा, बदलायची वेळ येऊ शकते. आणि त्या दिवशी बाळाचं पोट भरलं की तासभर बाळाला घेऊन बाहेर फिरून या, म्हणजे तिला तो घालून आरशासमोर निवांत उभं राहता येईल.