स्वित्झर्लंडचा हिंटरऱ्हाईन जिल्हा नव्या नकाशात का सापडत नाही? तिथे होतं तरी काय?

जुन्या नकाशात दिसणारा जिल्हा नव्यात दिसेना म्हणून तुम्ही विचारलंय. जिल्हा जागेवरच आहे, फक्त पाटी बदलली. ग्राउब्युंडेन कॅन्टनने (कॅन्टन म्हणजे तिथलं राज्य) 2016-17 च्या फेररचनेत आपले 11 जिल्हे मोडून 11 विभाग केले, त्यात हिंटरऱ्हाईनचा ‘विआमाला’ विभाग झाला. मुख्य ठिकाण तेव्हाही थुसिस, आताही थुसिस. तशी ही हद्द काही दगडावरची रेघ नव्हतीच. थुसिस आणि डोमलेश्ग हा खालचा सुपीक पट्टा 2001 पर्यंत शेजारच्या हाइन्त्सेनबेर्ग जिल्ह्यात मोडायचा. त्यामुळे जिल्हा गेल्याचं तिथे कुणी सुतक पाळलं असेल असं मला वाटत नाही. तिथला माणूस स्वतःला गावाचा म्हणवतो, फार तर खोऱ्याचा.

क्षेत्रफळ साधारण 612 चौरस किलोमीटर, म्हणजे बृहन्मुंबईहून किंचित मोठं, आणि वस्ती 13 हजारांच्या आसपास. ऱ्हाईनच्या दोन मूळ प्रवाहांपैकी एक इथला. 3,402 मीटर उंच ऱ्हाईनवाल्डहॉर्नच्या कुशीत तो निघतो, ऱ्हाईनवाल्डच्या खोऱ्यातून वाहत येतो, रोफ्लाच्या घळीतून शाम्सच्या खोऱ्यात उतरतो आणि विआमालाच्या चिंचोळ्या घळीतून थुसिसपाशी बाहेर पडतो. वर ऱ्हाईनवाल्डमध्ये वाल्सर लोकांची जर्मन, मध्ये शाम्समध्ये रोमान्श (ती आता विरत चाललीय), खाली पुन्हा जर्मन. घळी ओलांडणं किती जिकिरीचं होतं ते यावरून कळतं.

हे वाल्सर मूळचे पश्चिमेकडच्या वॅले कॅन्टनमधले. 1277 मध्ये फाझ या सरदार घराण्याच्या वाल्टरने त्यांना संरक्षणाची सनद दिली: लढाईला माणसं द्या, बाकी स्वतंत्र राहा. कुणाला नको असलेली उंच जमीन त्यांनी कसली. आफर्सच्या बाजूच्या खोऱ्यातलं युफ हे गाव 2,126 मीटरवर आहे. बारमाही वस्तीचं युरोपातलं सर्वांत उंच गाव म्हणून ते ओळखलं जातं. तिथे झाडच उगवत नाही, मग चूल पेटवायची कशावर? मेंढवाड्यात वर्षभर तुडवून घट्ट झालेला लेंड्यांचा थर विटांसारखा कापायचा, घराच्या आडोशाला रचून वाळवायचा आणि तोच जाळायचा.

पण या मुलखाचं खरं पोट चालायचं ते घाटांवर. दक्षिणेला स्प्ल्युगेन आणि सान बेर्नार्दिनो, दोन्ही इटलीकडे नेणारे. 1473 मध्ये थुसिस, काझिस आणि मासाइन या गावांनी मिळून विआमालातली वाट फोडायचा करार केला. राजाने नाही, सरदाराने नाही, गावांनी! मालवाहतूक ‘पोर्टन’ नावाच्या गावकऱ्यांच्या संघांकडे असायची. प्रत्येकाची हद्द ठरलेली. हद्द संपली की माल उतरवून पुढच्या संघाच्या ताब्यात द्यायचा. परक्या व्यापाऱ्याला हे किती डोकेदुखीचं वाटत असेल! पण त्यातून घरोघरी चार पैसे यायचे. 1818 ते 1823 च्या दरम्यान घाटांतून गाडीरस्ते झाले, धंदा वाढला, आणि 1882 मध्ये पश्चिमेकडच्या गॉटहार्ड घाटाखालून जाणारी रेल्वे सुरू होताच वाहतूक तिकडे वळली. खोरं ओस पडायला लागलं, माणसं अमेरिकेला निघाली.

त्यातलाच एक ख्रिस्टियान पिट्शेन-मेल्खिओर. रोफ्लाच्या तोंडाशी त्याच्या घराण्याची खाणावळ होती. अमेरिकेत त्याने नायगारा पाहिला आणि लोक पाण्याची धार बघायला पैसे मोजतात हे त्याच्या ध्यानात आलं. परत येऊन त्याने 1907 ते 1914 अशी सात वर्षं हाताने भोकं पाडून, सुरुंग लावून कड्यातून धबधब्यापर्यंत बोगदा खोदला. तो आजही तिकीट काढून बघता येतो.

मला मात्र सगळ्यात जास्त कौतुक वाटतं ते ऱ्हाईनवाल्डकरांच्या नकाराचं. 1940 च्या दशकात वीज कंपन्यांना स्प्ल्युगेनपाशी धरण हवं होतं. स्प्ल्युगेन आणि मेडेल्स ही गावं पाण्याखाली जाणार होती. मोबदला देऊ केला तरी गावं हटली नाहीत, कॅन्टनने परवानगी नाकारली आणि 1946 मध्ये संघीय सरकारनेही तोच निर्णय कायम ठेवला. वीज शेवटी घेतलीच, पण दुसरीकडून: इटलीच्या हद्दीतल्या व्हाले दी लेईमध्ये 141 मीटर उंच धरण बांधून. भिंत आपल्या भूमीवर हवी म्हणून स्वित्झर्लंडने तेवढीच जमीन देऊन इटलीकडून ती जागा बदलून घेतली. परिणाम असा की जलाशय बहुतांश इटलीत, भिंत स्वित्झर्लंडमध्ये आणि पाणी ऱ्हाईनचं.

1967 मध्ये सान बेर्नार्दिनोचा 6.6 किलोमीटरचा बोगदा झाला आणि वाहतूक परत आली, पण आता ती थांबत नाही, भुर्रकन जाते. जाणार असाल तर त्सिलिसला महामार्ग सोडा. तिथल्या चर्चचं लाकडी छत बाराव्या शतकातलं आहे, रंगवलेल्या 153 फळ्यांचं. मान दुखू नये म्हणून आत हातात धरायला आरसे ठेवलेले असतात, त्यात छत बघायचं. कडेच्या फळ्यांवर समुद्र आहे: माशाच्या शेपटीचे हत्ती-घोडे वगैरे. आणि तुम्ही जिल्ह्याचं विचारताय, पण 2019 पासून हिंटरऱ्हाईन ही ग्रामपालिकाही उरलेली नाही. ती नुफेनेन आणि स्प्ल्युगेनबरोबर ‘ऱ्हाईनवाल्ड’ नावाखाली एक झाली. तेव्हा नव्या नकाशात शोधायचं असेल तर ‘विआमाला’ आणि ‘ऱ्हाईनवाल्ड’ ही दोन नावं टाका.