‘दुखणार नाही’ हे ऐकूनच ते खुर्चीतून उठले

“इम्प्लांट बसवताना खूप दुखतं का?” हा प्रश्न खरं तर डेंटिस्टला विचारायचा. (इम्प्लांट म्हणजे गेलेल्या दाताच्या जागी जबड्याच्या हाडात बसवायचा टायटॅनियमचा छोटा स्क्रू; त्याच्यावर नवा दात बसतो.) मी समुपदेशक; माझ्यापर्यंत तो पोहोचतो तेव्हा दोन-तीन अपॉइंटमेंट रद्द झालेल्या असतात आणि माणूस स्वतःवरच चिडलेला असतो. अशाच एका गृहस्थांची ही गोष्ट. त्यांच्या परवानगीने सांगते आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

वय अठ्ठावन्न. खालच्या जबड्यातल्या उजव्या दोन दाढा गेलेल्या. वर्षभर एकाच बाजूने चावत होते. तिसऱ्या खेपेला ते खुर्चीत बसले, तोंडही उघडलं, डॉक्टर म्हणाले, “काळजी करू नका, अजिबात दुखणार नाही,” आणि हे उठून बाहेर आले. “या वयात असा पळपुटेपणा,” असं म्हणताना ते माझ्याकडे बघत नव्हते.

मी विचारलं, नेमकं कोणत्या क्षणी उठलात? सुई दिसली तेव्हा? बराच वेळ गेला. मग म्हणाले, “ते वाक्य ऐकलं तेव्हा.”

नऊ वर्षांचे असताना त्यांची किडलेली दाढ काढली होती. गाल सुजलेला, आत पू. इंजेक्शन दिलं, पण जागा बधिर झालीच नाही. त्यांनी ओरडून सांगितलं, तर उत्तर मिळालं, “गप बस, काही दुखत नाहीये.” दोघांनी हात धरून ठेवले होते. एकोणपन्नास वर्षांनी ते हात त्यांना अजून आठवत होते, दाढ मात्र फारशी नाही.

या जागी मी खूप वेळ थांबते. ‘घाबरू नका’ म्हणून पुढे जाणं सोपं असतं, पण त्या मुलाला तेव्हाही कुणी खरं मानलं नव्हतं आणि आपणही तेच करून बसतो. पू झालेल्या, सुजलेल्या जागी भूल नीट चढत नाही, हे दंतवैद्यकात सर्वज्ञात आहे. म्हणजे त्यांना खरंच दुखलं होतं. हे सांगितल्यावर ते गप्प झाले, चष्मा काढून पुसत राहिले. इम्प्लांट सहसा बसतो तो दाढ जाऊन बरी झालेल्या हिरडीत आणि हाडात. भूल न चढण्याचं ते जुनं कारण तिथे नसतं.

मग आम्ही एक साधं काम केलं. ‘दुखणं’ या एका शब्दाखाली आपण काय काय कोंबतो ते वेगळं काढलं. टोचणं, कळ, सणक, ठणका, ताण, दाब, थरथर. भूल चढल्यावर कळ थांबते, पण दाब आणि ड्रिलची थरथर बऱ्यापैकी जाणवत राहते. पाण्याचा फवारा आणि आवाज तर असतातच. ज्याला हे आधी माहीत नसतं, तो दाब जाणवताच ‘आता दुखणार’ म्हणून अंग आवळून धरतो. त्यांनी एका चिठ्ठीवर डॉक्टरांसाठी तीन ओळी लिहिल्या: ‘दुखणार नाही’ असं म्हणू नका. पुढे काय जाणवेल ते सांगा. मी डावा हात वर केला की लगेच थांबा.

डॉक्टरांनी चिठ्ठी वाचली, खिशात ठेवली आणि तशीच पाळली. काम सुरू झाल्यावर पाचच मिनिटांत ह्यांनी हात वर केला. दुखत नव्हतं. खरंच थांबतात का, ते बघायचं होतं. ड्रिल थांबलं. दुसऱ्या इम्प्लांटच्या वेळी मात्र एक सणक आली, पुन्हा हात वर गेला, आणखी एक इंजेक्शन दिलं गेलं. म्हणजे अजिबात दुखलं नाही असं नाही. पण एकोणपन्नास वर्षांपूर्वी जे झालं नव्हतं, ते या वेळी झालं.

खरा त्रास बहुतेकांना भूल उतरल्यावर होतो. डॉक्टरांनी गोळी वेळेवर, ठणका वाढायची वाट न बघता घ्यायला सांगितली होती. पहिल्या दिवशी गालावर कापडात गुंडाळलेला बर्फ थोडा थोडा वेळ. तरी दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांचा फोन आला, आवाज कापत होता: “सूज कालच्यापेक्षा जास्त आहे.” सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीच सर्वांत जास्त असते आणि मग ओसरते, हे त्यांच्या कागदावर छापलेलं होतं. मी त्यांना तेवढी ओळ मोठ्याने वाचायला लावली. काळजी करायची ती वेगळ्या गोष्टींची: तीन-चार दिवसांनी ठणका कमी होण्याऐवजी वाढला, ताप आला, पू आला, इम्प्लांट हलतोय असं वाटलं, किंवा भूल उतरायची वेळ टळून गेली तरी ओठ किंवा हनुवटी बधिरच राहिली, तर समुपदेशकाला नव्हे, थेट डेंटिस्टला फोन करायचा. तोही त्याच दिवशी.

त्यांनी दहापैकी आकडे लिहून ठेवले होते: पहिल्या रात्री ५, दुसऱ्या दिवशी ४, चौथ्या दिवशी २, आठव्या दिवशी फक्त टाक्यांची ओढ. प्रत्येकाचे आकडे असेच येतील असं नाही. त्यानंतर टायटॅनियमभोवती हाड धरायला साधारण तीन ते सहा महिने लागतात. हे हाड धरणं आतल्या आत, न ठणकता होतं, हे ऐकून त्यांना सगळ्यात जास्त आश्चर्य वाटलं. त्या महिन्यांत दुखायला लागलं, तर तेही डॉक्टरांना सांगायचं.

पुढच्या टप्प्यात हिरडी थोडी उघडून वरचा भाग बसवायचा होता. जाण्याआधी ते मला भेटायला आले. चिठ्ठी नव्याने लिहिली होती. जुन्या तीन ओळी तशाच, आणि खाली चौथी: ‘हात वर न करता नुसतं थांबावंसं वाटलं, तर ते कसं सांगू?’