क्यू आला, पण यू कुठाय?

प्रश्न : नातू सुट्टीला आला की आमचं स्क्रॅबल चालतं, म्हणजे सोंगट्यांवरची अक्षरं जुळवून पटावर इंग्रजी शब्द लावायचे. मी मराठी मीडियमची, पण बँकेत तीस वर्षं काढलीत त्यामुळे इंग्रजी अगदीच कच्चं नाही. तरी दर डावाला तो मेला क्यू माझ्याच पदरात आणि त्याच्या मागे लागणारा यू काही येत नाही. परवा नातवाने नुसते क्यू आणि आय लावले आणि म्हणे ६२ पॉइंट झाले! असा शब्द असतो का हो, का पोरगं मला गंडवतंय? – एक आजी, कोथरूड

उत्तर : आजी, पोरगं खरं बोलतंय. क्यू-आय हा शब्द आहे, उच्चार 'ची', चिनी लोक शरीरातल्या प्राणशक्तीला म्हणतात तो. क्यूचे १० आणि आयचा १ असे साधे ११च होतात, पण त्याने क्यू ट्रिपल लेटरच्या घरात (तिथे अक्षराचे पॉइंट तिप्पट होतात) बसवला असणार आणि आडवा-उभा दोन्हीकडे तोच शब्द केला असणार, म्हणजे ३० अधिक १ आणि ते दोनदा, झाले ६२. हुशार आहे हो.

आता तुमची अडचण. पेटीत १०० सोंगट्या, त्यात क्यू एकच आणि यू फक्त चार, त्यामुळे यूची वाट बघत बसलात तर बसाच. (हे आकडे उगाच नाहीयेत. हा खेळ काढणाऱ्या बट्स नावाच्या बेकार झालेल्या अमेरिकन आर्किटेक्टने पेपरच्या पहिल्या पानावरची अक्षरं मोजून ते ठरवले, म्हणून ई १२ आहेत.) आणि डाव संपताना क्यू हातात राहिला तर १० पॉइंट वजा होतात ते वेगळंच.

खरी गोम अशी आहे की आपण शब्द कानाने शोधतो. मराठीत जसं बोलतो साधारण तसंच लिहितो, त्यामुळे आपलं डोकं इंग्रजी शब्दही आवाजावरून काढायला जातं, आणि 'ची'वरून क्यू-आय सुचणं तर या जन्मात शक्य नाही. इथे डोळ्याने शोधावं लागतं. म्हणून यू नसेल तेव्हा क्वीन, क्विक वगैरे सोडा आणि सरळ अरबी-उर्दूकडे वळा, कारण अरबीतला घशातून येणारा क इंग्रजीत क्यूने लिहायची पद्धत आहे. फकीर एफ-ए-क्यू-आय-आर, काझी क्यू-ए-डी-आय, बाजार या अर्थाचा सूक एस-यू-क्यू (यात यू आहे पण आधी!), निकाब, तलाक. कव्वालीसुद्धा आहे पण तिला दोन डब्ल्यू लागतात आणि अख्ख्या पेटीत दोनच आहेत, तेव्हा तो नाद नको. चालणाऱ्या शब्दांची कॉलिन्स या ब्रिटिश डिक्शनरीची यादी आणि अमेरिकन यादी यात फरक असतो, कुठली मानायची ते डाव मांडायच्या आधीच ठरवा नाहीतर तलाकवरून भांडण व्हायचं.

आणि बँकेतल्या माणसाला एक सांगतो, आपला 'लाख' चालतो! एल-ए-के-एच, साधे ११ पॉइंट, क्यू-आयच्या बरोबरीने. क्रोरही चालतो पण त्याचे सातच, म्हणजे इथे लाख कोटीपेक्षा मोठा. तूप म्हणजे घी, रोटी, धोती, सगळं चालतं.

प्रश्न : सकाळी कंपनीच्या बसमध्ये मोबाईलवर वर्डल खेळतो, पाच अक्षरी इंग्रजी शब्द सहा चान्समध्ये ओळखायचा, अक्षर बरोबर जागी बसलं की हिरवं होतं. काल दुसऱ्याच चान्सला आय-जी-एच-टी ही शेवटची चार अक्षरं हिरवी झाली, पहिलंच राहिलं, तरी सहाही चान्स संपले. उत्तर निघालं एट, म्हणजे आठ. डोकं फिरलं. – हिंजवडीकर

उत्तर : वाकडच्या सिग्नलला बसून तुम्ही काय म्हणत होता ते सांगू का, लाईट, नाईट, राईट, फाईट, टाईट... बरोबर ना? परत तेच, कान! एटला तेच स्पेलिंग आहे पण यमक जुळत नाही म्हणून ते सुचलंच नाही, आणि उलट काईट, बाईट यमकात बसतात पण त्यांच्यात जीएच नाहीच. या साच्यात रोजचे आठ शब्द आहेत आणि तुमच्याकडे चान्स होते चार, एकेक करत गेलात की नशिबावरच. अशा वेळी हिरवं मिळालेलं सगळं बाजूला ठेवून एक चान्स मुद्दाम 'फॉर्म्स'वर घालवायचा, त्यात एफ, आर, एम, एस चारही एका फटक्यात तपासून होतात. काहीच लागलं नाही तर पुढचा 'लर्न', त्यात एल, ई, एन. तेही गेलं तर टाईट. पाचव्याला हमखास सुटतं. फक्त हार्ड मोड चालू असेल तर ही युक्ती चालत नाही, तिथे मिळालेली अक्षरं वापरावीच लागतात.

प्रश्न : अक्षरं टाकली की शब्द काढून देणारं ॲप वापरणं म्हणजे चीटिंग का? मिस्टर म्हणतात हो. – सिंहगड रोड

उत्तर : डाव चालू असताना हो, नंतर नाही. कोड्यात अडलात तर माहीत नसलेल्या प्रत्येक अक्षराच्या जागी प्रश्नचिन्ह टाकायचं, बहुतेक ॲपना ते कळतं. पण जुळणी हातानेही होते की, बिलाच्या पाठीमागे अक्षरं ए टू झेड क्रमाने लिहून काढा, म्हणजे डोळ्याला आधीचा शब्द दिसायचा बंद होतो. लिसन घ्या, क्रमाने लावलं की ई-आय-एल-एन-एस-टी. आता यातून एनलिस्ट निघतो, टिन्सेल निघतो, इनलेट्स निघतो आणि सायलेंट. मिस्टरांना तो शेवटचा तेवढा दाखवा.