‘अलाबामा’ला चाच्यांचे जहाज म्हणावे का?

प्रश्न असा: अमेरिकेच्या यादवी युद्धावरच्या एका मजकुरात दक्षिणेच्या (म्हणजे फुटून निघालेल्या राज्यांच्या) ‘अलाबामा’ या जहाजाला ‘कॉमर्स रेडर’ (शत्रूच्या व्यापारी जहाजांवर हल्ले करणारे जहाज) म्हटले आहे, भाषांतरात ‘चाच्यांचे जहाज’ चालेल का?

नाही चालणार. उत्तरेतले लोक तिच्या कप्तानाला, राफाएल सेम्सला, चाचाच म्हणत, पण ती शिवी होती. चाचा स्वतःच्या पोटासाठी लुटतो, त्याच्या पाठीशी सरकार नसते. सेम्स दक्षिणेच्या आरमाराचा अधिकारी आणि ‘अलाबामा’ त्या आरमाराची युद्धनौका. (सरखेल कान्होजी आंग्र्यांनाही इंग्रज ‘पायरेट’च म्हणायचे, त्यामुळे हा प्रकार आपल्याला नवा नाही.) खासगी जहाजांना लुटीची सनद देण्याचीही पद्धत होती. दक्षिणेचा अध्यक्ष जेफरसन डेव्हिसने एप्रिल १८६१ मध्ये तशा सनदा देऊ केल्या, पण ‘अलाबामा’ त्यांतलीही नव्हे.

मग ‘लूटनौका’? तिथेही अडते. सेम्सने साठाहून अधिक जहाजे पकडली खरी, पण ती न्यायची कुठे? दक्षिणेची बंदरे उत्तरेने कोंडलेली, आणि तटस्थ देश पकडलेली जहाजे आपल्या बंदरात घेईनात. तेव्हा माणसे उतरवून घ्यायची, लागेल तो शिधा आणि क्रोनोमीटर (जहाजावरचे अचूक घड्याळ) काढायचा आणि जहाज पेटवून द्यायचे. माल तटस्थांचा निघाला, तर खंडणीचा रोखा लिहून घेऊन सोडायचे. हेतू एवढाच, की शत्रूचा व्यापार बसावा आणि विम्याचे दर चढावेत. अमेरिकी मालक धास्तावून जहाजे ब्रिटिशांच्या नावावर करू लागले. डिसेंबर १८६३ मध्ये मलाक्काच्या सामुद्रधुनीत तांदूळ भरलेले ‘मार्तबान’ ब्रिटिश निशाण लावून आले. ते मूळचे ‘टेक्सन स्टार’! सेम्सने कागद बघितले, खोटे ठरवले आणि जहाज जाळले. पुढच्याच महिन्यात मलबारच्या बाजूला ‘एमा जेन’ जाळून त्यावरची माणसे त्याने केरळातल्या अंजेंगोला उतरवली.

म्हणून मला ‘धाड’ बरा वाटतो. धाड घालणाऱ्याने माल घरी नेलाच पाहिजे असे नाही. आज धाड म्हटले की आधी आयकर खाते डोळ्यांपुढे येते हे खरे, पण समुद्र आणि तोफा आल्या की वाचक चुकत नाही. कृतीला ‘व्यापारी जहाजांवरील धाडी’ आणि जहाजाला ‘धाडनौका’ म्हणा. ‘चाचा’ फक्त उत्तरेच्या माणसाच्या तोंडी घाला, तिथे तो हवाच. इंग्लंडात बांधलेल्या अशा नौकांपायी ब्रिटनला १८७२ मध्ये जिनिव्हाच्या लवादाने १ कोटी ५५ लाख डॉलर भरायला लावले. त्या प्रकरणाला ‘अलाबामा दावे’ म्हटले की पुरते.