अमेरिकेत तिकीट कोण देतं आणि पैसा येतो कुठून?

तुम्ही तीन गोष्टी विचारल्या आहेत. राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवाराला तिकीट कोण देतं, प्रचाराला एवढा पैसा कुठून येतो, आणि एच-वन-बीवर असलेल्या तुमच्या भाच्याला देणगी मागणारे ईमेल येतात तर त्याने पैसे दिले तर चालतील का. शेवटचं आधी सांगतो: चालणार नाहीत, एक डॉलरसुद्धा नाही. त्याला आजच कळवा.

आता तिकीट. आपल्याकडे एबी फॉर्म कुणाच्या हातात पडतो याकडे शेवटच्या रात्रीपर्यंत डोळे लागलेले असतात. अमेरिकेत तसा फॉर्म देणारं कुणी नाही. पूर्वी जवळपास तसंच होतं. १९६८ साली ह्युबर्ट हम्फ्री एकही प्रायमरी (पक्षाचा उमेदवार ठरवायला राज्यात होणारं मतदान) न लढवता शिकागोच्या अधिवेशनात डेमोक्रॅटिक पक्षाचे उमेदवार झाले, कारण पक्षातली बडी मंडळी त्यांच्या पाठीशी होती. त्याच वेळी बाहेर रस्त्यावर पोलीस व्हिएतनाम युद्धाच्या विरोधकांना झोडपत होते. त्या संतापातून नियम बदलले. १९७२पासून बहुतेक डेलिगेट, म्हणजे अधिवेशनात उमेदवार निवडणारे प्रतिनिधी, राज्याराज्यांतल्या प्रायमरी आणि कॉकसमधले मतदार ठरवू लागले. रिपब्लिकन पक्षही हळूहळू त्याच वाटेने गेला.

कॉकस म्हणजे काय ते मी डोळ्यांनी पाहिलंय. तेव्हा मी आयोवात नोकरीला होतो. ३ फेब्रुवारी २०२०च्या संध्याकाळी शेजारच्या आजींना गाडीतून शाळेच्या जिममध्ये घेऊन गेलो. मी नागरिक नव्हतो, म्हणून भिंतीला टेकून नुसता बघत होतो. सातला सुरुवात झाली. एकेका उमेदवाराचे समर्थक आपापल्या कोपऱ्यात जाऊन उभे राहिले आणि चक्क डोकी मोजली गेली. ज्याच्याकडे पंधरा टक्के माणसं नाहीत तो बाद; म्हणजे दोनशे माणसांत तीस हवीत. आजींच्या उमेदवाराला चार माणसं कमी पडली. लगेच दुसऱ्या कोपऱ्यांतले लोक येऊन त्यांना हात जोडावेत तशी विनवणी करू लागले, आमच्याकडे या म्हणून. आजी हातातलं कार्ड धरून बराच वेळ जागेवरच उभ्या राहिल्या. मग पर्स उचलली आणि पलीकडे गेल्या. लोकशाही इतक्या जवळून मी त्याआधी कधी पाहिली नव्हती. (त्या रात्री निकाल कळवायचं ॲप बिघडलं. २०२४ला तर डेमोक्रॅटिक पक्षाने सगळ्यांत आधी कौल द्यायचा मान आयोवाकडून काढून साउथ कॅरोलायनाला दिला. मला त्याचं वाईट वाटलं.)

त्या जिममध्ये कमला हॅरिस यांचा कोपराच नव्हता. ३ डिसेंबर २०१९ला, पहिलं मत पडायच्या दोन महिने आधी, त्यांनी माघार घेतली होती आणि पुढे जायला पैसे उरले नाहीत हे स्वतःच सांगितलं होतं. सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं आणता येत नाही, ते इथे लागू पडतं. उमेदवारी मिळेपर्यंत ऑफिसांची भाडी, माणसांचे पगार, विमानप्रवास, जाहिराती हे सगळं उमेदवाराने स्वतः उभं करायचं असतं. त्या वर्षी पहिल्या डिबेटमध्ये उभं राहायचं तर जनमत पाहण्यांमध्ये एक टक्का तरी पाठिंबा हवा, नाहीतर ६५ हजार वेगवेगळे देणगीदार. म्हणून तेव्हा 'एक डॉलर तरी द्या' असे ईमेल येत.

माझं मत असं, की इथे पैसा मत विकत घेत नाही, तो वेळ विकत घेतो. पुढच्या राज्यापर्यंत तग धरायचा वेळ. अब्जाधीश मायकेल ब्लूमबर्ग यांनी २०२०मध्ये स्वतःच्या खिशातून शंभर कोटी डॉलरच्या वर ओतले आणि जिंकलं ते फक्त अमेरिकन समोआ, प्रशांत महासागरातली चिमुकली बेटं. जो बायडन यांच्याकडे त्या मानाने खडखडाट होता. साउथ कॅरोलायना जिंकून तीनच दिवसांत त्यांनी, एकाच दिवशी मतदान झालेल्या चौदा राज्यांपैकी दहा घेतली.

कायद्याने देणगीवर मर्यादा आहे. २०२५-२६साठी एका माणसाने एका उमेदवाराला एका निवडणुकीत ३,५०० डॉलर. प्रायमरी आणि मुख्य निवडणूक वेगळी धरतात. कंपन्यांना उमेदवाराला थेट पैसे देता येत नाहीत, तो कायदा १९०७चा. कर भरताना फॉर्मवर तीन डॉलरची चौकट दिसते, ती सरकारी प्रचारनिधीसाठी. पण तो निधी घेतला की खर्चाला मर्यादा येते. २००८मध्ये ओबामांनी मुख्य निवडणुकीसाठी तो नाकारला. त्याच वर्षी त्यांचे रिपब्लिकन प्रतिस्पर्धी जॉन मॅकेन यांनी घेतलेले ८.४ कोटी डॉलर शेवटचे ठरले.

या मर्यादांना मोठं खिंडार पडलं ते २०१०मध्ये. 'सिटिझन्स युनायटेड' खटल्यात सुप्रीम कोर्टाने पाच विरुद्ध चार मतांनी ठरवलं, की कंपन्यांना आणि युनियनना उमेदवारापासून स्वतंत्रपणे हवा तेवढा खर्च करू द्यावा. त्यानंतर दोनच महिन्यांत दुसऱ्या एका निकालाने सुपर पॅकचा रस्ता मोकळा झाला. सुपर पॅक म्हणजे उमेदवाराला पैसे न देता त्याच्या बाजूने अमर्याद खर्च करणारी संस्था. २०२४मध्ये एलॉन मस्क यांनी ट्रम्प यांच्या बाजूने पंचवीस कोटी डॉलरहून जास्त खर्च केला. उमेदवार आणि सुपर पॅक यांनी संगनमत करायचं नाही असा नियम आहे, पण तो पाळला जातो का हे पाहणाऱ्या आयोगात सहा जागा, एका पक्षाचे जास्तीत जास्त तीन, आणि निर्णयाला चार मतं लागतात. त्यामुळे कितीतरी प्रकरणं तीन-तीनवर अडली. आजींचं एक डोकं मोजायला अख्खी जिम थांबते, आणि इथे एका माणसाच्या कोट्यवधींना कुणी हात लावू शकत नाही, याची मला मनापासून चीड येते.

हॅरिस यांचं पुढे काय झालं ते तुम्हाला ठाऊक आहेच. २१ जुलै २०२४ला बायडन यांनी माघार घेतली आणि त्यांच्या जागी हॅरिस उभ्या राहिल्या. प्रचारसमिती दोघांच्या नावावर असल्याने जमलेला पैसा हॅरिस यांच्या हाताशी आला आणि पहिल्या चोवीस तासांतच आठ कोटींच्या वर नवे डॉलर जमले. पुढे आकडा शंभर कोटींच्या पार गेला, तरी त्या हरल्या.

आता भाच्याचं. परदेशी नागरिकाला देणगी द्यायची बंदी आहे. ग्रीन कार्ड मिळालं की देता येते, मत मात्र नागरिकत्वानंतरच. मी ग्रीन कार्डानंतर पहिले पंचवीस डॉलर दिले तेव्हा पानावर चौकटीत खूण करून कबूल करावं लागलं, की मी नागरिक किंवा कायमचा रहिवासी आहे आणि हे पैसे माझे स्वतःचे आहेत. मित्राच्या नावाने, त्याच्या कार्डावरून देऊ का, असं भाचा विचारेल. तोही गुन्हाच आहे. फुकट काम मात्र करता येतं. फोन करणं, दारोदार जाणं, पत्रकं वाटणं, हे सगळं मी एच-वन-बीवर असताना केलंय. मोबदला म्हणून काही घ्यायचं नाही, एवढं त्याने सांभाळावं.