मूर्तीचे ‘प्रत्यार्पण’ होते का?

प्रश्न असा आला आहे: परदेशी संग्रहालयाने चोरीला गेलेली मूर्ती भारताला दिली की ‘मूर्तीचे प्रत्यार्पण’ असे छापून येते, पण प्रत्यार्पण तर फरारी आरोपीचे होते, मग हा प्रयोग चुकीचा नाही का?

आधी लेखनाविषयी. प्रति आणि अर्पण यांचा संधी ‘प्रत्यर्पण’ असा होतो, जसे प्रति आणि अक्ष यांपासून प्रत्यक्ष. ‘प्रत्यारोप’, ‘प्रत्याघात’ यांत आकार दिसतो तो आरोप आणि आघात हे शब्दच आकाराने सुरू होतात म्हणून; त्यांच्या संगतीने ‘प्रत्यार्पण’ रूढ झाले असावे. ते आता इतके रुळले आहे की वाचताना मी अडखळत नाही, लिहिताना मात्र प्रत्यर्पणच लिहितो.

अर्थाच्या बाबतीत वस्तुस्थिती शंकेच्या नेमकी उलट आहे. परत देणे हा या शब्दाचा मूळ अर्थ, आणि परत दिली जाते ती आधी वस्तू. ‘शाकुंतला’च्या चौथ्या अंकाच्या शेवटी, शकुंतलेची पाठवणी झाल्यावर, आपला अंतरात्मा ‘प्रत्यर्पितन्यास’ माणसासारखा, म्हणजे दुसऱ्याची ठेव परत केलेल्यासारखा, निश्चिंत झाल्याचे कण्व सांगतो. आरोपी या शब्दाच्या वाट्याला आला तो फार उशिरा, कायद्याच्या परिभाषेतून.

तरीही मूर्तीसाठी हा शब्द टाळावा असे मला वाटते. तमिळनाडूतील श्रीपुरंदन येथील देवळातून चोरीला गेलेल्या चोळकालीन नटराजाचे उदाहरण घ्या. कॅनबेरातील राष्ट्रीय कलादालनाने ही मूर्ती २००८ मध्ये सुभाष कपूर या न्यूयॉर्कच्या व्यापाऱ्याकडून सुमारे ५० लाख अमेरिकी डॉलरना घेतली. मूर्तिचोरीच्या प्रकरणात आरोपी असलेल्या कपूरला जर्मनीने जुलै २०१२ मध्ये भारताच्या हवाली केले आणि सप्टेंबर २०१४ मध्ये ऑस्ट्रेलियाने नटराज सुपूर्द केला. दोन्ही घटनांना प्रत्यर्पणच म्हटले, तर देव आणि त्याला विकणारा एकाच रांगेत उभे राहतात. शिवाय कण्वाच्या उपमेतली ठेव कोणीतरी विश्वासाने सोपवलेली असते, हा नटराज कॅनबेराकडे कोणी ठेवायला दिला नव्हता.

साधे मराठी क्रियापद इथे अधिक नेमके ठरते, फक्त कर्ता पाहून ते निवडावे: ऑस्ट्रेलियाने मूर्ती ‘परत केली’, भारताने ती ‘परत मिळवली’. मूर्ती, पुरावस्तू बाहेर नेण्यावर निर्बंध घालणाऱ्या १९७२ च्या पुरावशेषविषयक कायद्यापूर्वीच देशाबाहेर गेली होती असे भासवणारे कागद विक्रीच्या वेळी दाखवले गेले होते, आणि ते खोटे पडले ते पाँडिचेरीच्या फ्रेंच संस्थेकडे असलेल्या, १९९४ मध्ये त्याच देवळात काढलेल्या छायाचित्रांमुळे. पुराव्यासाठी इतका खटाटोप करावा लागला असताना नुसते ‘परत आली’ असे लिहिणेही मला अपुरे वाटते.